तुझ्या बारशाच्या घुगऱ्या



गेल्या वेळी या सदरात सांडग्यांवर लिहिलं, त्यानंतर मैत्रिणीच्या सोळा वर्षांच्या मुलीने मला गाठलं. म्हणाली, "मावशी, तू नेहमी असंच का लिहितेस जे इथे ब्रिस्बेनमध्ये करताच येत नाही? आमच्या बाल्कनीत सांडगे वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते." पोरगी खरं बोलत होती. म्हणून या वेळी असा पदार्थ, ज्याला ऊन लागत नाही, पाटा लागत नाही आणि फारसं कौशल्यही लागत नाही. चणे, पाणी, मीठ आणि एक रात्र, बस.

घुगऱ्या.

म्हणजे उकडलेले हरभरे. हसू नका. आपल्यापैकी ज्यांचं बालपण तिकडे गेलं, त्यांनी हा शब्द खाण्याआधी ऐकलेला असतो, आणि तोही बहुतेक वेळा बोलणी खाताना. घरातल्या मोठ्या माणसाला आपण जरा जास्त शहाणपण शिकवायला गेलो की उत्तर ठरलेलं: "मला नको सांगू, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी." याचा अर्थ, तुला नाव नव्हतं तेव्हापासून तुला ओळखते. बारशाला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर, विशेषतः पोरासोरांच्या, उकडलेले हरभरे ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. घर गरीब असो की श्रीमंत, पेढे परवडोत की न परवडोत, घुगऱ्या असायच्याच. हिंदीत यालाच घुघरी म्हणतात. बंगाल्यांची घुगनीही याच कुळातली, फक्त ती वाटाण्याची असते आणि चांगलीच सजून येते.

मी एकदा इथे घुगऱ्यांचा पार विचका केला होता, ते आधी सांगून टाकते. आपल्याच मंडळातल्या एका बाळाचं बारसं होतं. घुगऱ्या मी आणते, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि आदल्या रात्री चणे भिजवायला विसरले. सकाळी धावतपळत दुकानातून काबुली चण्यांचे डबे आणले, गरम केले, वर फोडणी ओतली. ते चणे इतके मऊ, इतके गुळगुळीत, की एका आजोबांनी वाटी हातात घेऊन विचारलं, "हे छोले का?" दुसऱ्या आजींनी फक्त "असू दे, असू दे" म्हटलं. ते जास्त लागलं. त्या "असू दे"चा वचपा काढायचा म्हणून यंदा जानेवारीत सौंसरला गेले तेव्हा आत्याबाईंच्या हाताखाली घुगऱ्या शिकायचं मनावर घेतलं.

सौंसर कुठे आहे हे मला इथे दर वेळी समजावून सांगावं लागतं. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागायचं, सावनेर गेलं की थोड्या वेळाने महाराष्ट्र संपतो आणि नागपूरपासून साधारण सत्तर किलोमीटरवर आमचं गाव. संत्र्याच्या बागा, कापूस, गहू, हरभरा. जवळच जामसावळीचा आडवा झोपलेला मारुती, ज्याला मंगळवार-शनिवारी नागपूरकडूनही लोक येतात. १९५६च्या आधी हा सगळा मुलूख एकाच मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची नवी वाटणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. ऑक्टोबर २०२३पासून आमचा जिल्हाही बदलला. सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य बदललं, जिल्हा बदलला, घरातली भाषा मात्र तीच. बाबा मराठी शाळेत शिकले, मी हिंदी शाळेत. घरी कोथिंबिरीला सांभार आणि शेंगदाण्याच्या तेलाला फल्लीतेल म्हणत मोठी झाले. पुण्याच्या रूममेटने "तुझं मराठी जरा वेगळंय" म्हटलं, तेव्हा कुठे मला कळलं की ते वेगळं आहे.

आता आत्याबाई. म्हणजे बाबांची धाकटी बहीण. माझं नाव तिने ठेवलं आहे. १९८६ साली, आमच्याच ओसरीवर, माझ्या कानात. आपल्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नाव सांगून झालं की भोवतालच्या बायका त्या आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात, तेही मानाचेच. त्यानंतर तीन वर्षांनी सावनेरला तिचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी महिनाभराने तिला छोट्या गाडीत बसवून दिलं. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची छोटी लाईन २०१५च्या अखेरीपर्यंत चालायची, आता तिथे मोठी लाईन आहे. त्या गाडीने सावनेरहून सौंसरला यायला किती वेळ लागायचा, ते मला तिच्याच तोंडून कळलं होतं: "एक लुगडं वाळंल इतका." लुगडं का वाळत घातलं होतं, ते मी लहान असताना विचारलं नाही आणि मोठी झाल्यावर विचारवलं नाही.

पुढच्याच वर्षी माझा भाऊ जन्मला. त्याचं नाव बाबांच्या चुलत बहिणीने ठेवलं. सख्खी आत्या परसात चुलीपाशी घुगऱ्या शिजवत होती. तेव्हापासून आमच्या घरात, आमच्या गल्लीत आणि अर्ध्या नात्यागोत्यात ज्या ज्या बाळाचं बारसं झालं, त्याच्या घुगऱ्या आत्याबाईंच्या. पाळण्यापाशी मात्र ती कधीच नाही. कुणी तिला हाकलून लावलं, असं काही नव्हतं. कुणी बोलावलं नाही आणि ती गेली नाही. इतकी वर्षं ते असंच चालत आलं, इतकं की आम्हाला ते दिसेनासंही झालं होतं.

आणि आता भावाला मुलगी झाली. म्हणजे आत्या मी. बारावा दिवस माझ्या तिकिटात बसेना, म्हणून सव्वा महिन्याने बारसं ठरवलं. विमानात बसल्यापासून मी मनात एक बेत घोळवत होते, नाव मी एकटी ठेवणार नाही, आत्याबाईंना बरोबर घेऊनच ठेवणार. भाषणसुद्धा तयार होतं. त्यात हेरवाडही होतं. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक महाराष्ट्राचं. आत्याबाई सावनेरला राहिली असती तर ते तिच्या गावी पोचलं असतं. सौंसरला यायचं तर त्याला राज्याची हद्द ओलांडावी लागली असती.

घरी पोचले तेव्हा ती सूप घेऊन चणे निवडत बसली होती. पुढ्यात चार किलोंचा ढीग. "आली का वं माय? भल्ली वाळली तू." मी पाया पडले आणि शेजारी बसले. गावरान चणे, लहान, तपकिरी, सुरकुतलेले, टोकाला चोच असलेले. जानेवारीत नवा हरभरा अजून शेतातच असतो, फेब्रुवारी-मार्चला हाती येतो. म्हणून हे गेल्या हंगामाचे. तिने एक चणा दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "जुने हायेत, पण बेइमान नाई." चणे फार जुने झाले, दमट हवेत आणि उकाड्यात पडून राहिले, तर कितीही शिजवा, आतून खडेच राहतात. तिच्या भाषेत ते बेइमान चणे. इथल्या आपल्या दुकानांत मागच्या फळीवर धूळ खात पडलेली पाकिटं अशी असू शकतात. तारीख बघून घ्या.

चणे तीन पाण्यांनी धुऊन मोठ्या गंजात घातले, वर चांगलं चौपट पाणी. आणि मग तिने त्यात मूठभर मीठ टाकलं. मी हातच धरला. मीठ आधी घातलं तर चणे शिजत नाहीत, हे मला आईने शिकवलं होतं. आत्याबाई म्हणाली, "तुह्या आईले मी कितीदा सांगतलं." परत आल्यावर मी वाचून खात्री केली, आत्याबाईच बरोबर. चण्याचं साल कडक राहतं ते त्यातल्या पेक्टिनला धरून बसलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. भिजवताना मीठ घातलं की त्यातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. बोअरच्या जड पाण्यात तर हा फरक फारच जाणवतो, आणि आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. सोडा ती घालत नाही. सोड्याने चणे फुटतात आणि तोंडाला साबणासारखी चव राहते.

रात्री अडीचला मला जाग आली. ब्रिस्बेनमध्ये सकाळचे सात वाजले होते, शरीराला सौंसरचं काही ऐकायचंच नव्हतं. बाहेर आले तर आत्याबाई मागच्या पडवीत उभी, गंजावरचं ताट बाजूला करून चणे चाचपत होती.

"तुले झोप नाई का?"

"तिकडे सकाळ झाली ना."

"तिकडची सकाळ तिकडंच ठेवाची."

मी म्हटलं, हीच वेळ. तयार केलेलं भाषण अर्ध्यापेक्षा जास्त विसरले, पण सांगितलं. उद्या तू माझ्याबरोबर पाळण्यापाशी यायचं. नाव दोघींनी सांगायचं. हेरवाडचंही सांगितलं, सरकारी परिपत्रकाचंही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एक भिजलेला चणा चिमटीत दाबून पाहिला. म्हणाली, "आखीन दोन घंटे लागतीन." मग म्हणाली, "तुले आठ दिवसांनं विमानात बसाचं आहे. मले इथंच राहाचं आहे."

मला काही बोलता येईना. ती रागावली नव्हती. तेवढं बोलून तिने ताट पुन्हा झाकलं आणि विचारलं, चहा टाकू का. आम्ही अडीच-तीनच्या सुमारास, थंडीत, स्वेटर घालून चहा घेतला. तिने सावनेरच्या घरातल्या एका गाईची गोष्ट सांगितली, जिला फक्त हरभऱ्याचं कुटार आवडायचं. यजमानांचं नाव तिच्या बोलण्यात आलं नाही, पण गाईला वैरण टाकणारे तेच असावेत असं मला वाटलं.

सकाळी परसात चूल पेटली. आता कृती ऐका, अधूनमधून मी तुमच्या कुकरचंही सांगते.

भिजवलेलं पाणी पूर्ण ओतून टाकायचं. नव्या पाण्यात चणे चुलीवर ठेवायचे. चार किलोंचे चणे भिजून आठ-नऊ किलो झाले होते, घरातला सगळ्यात मोठा गंज काठोकाठ. उकळी आली की वर जो फेस येतो तो झाऱ्याने काढायचा. मग जाळ कमी करून दीड-दोन तास. घरी कुकरमध्ये करणार असाल तर दोन वाट्या चण्यांना, म्हणजे सहा-सात माणसांना, चणे बुडून वर दोन बोटं पाणी, एक शिट्टी, मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. कुकर आपोआप निवू द्या. झालंय की नाही ते कसं ओळखायचं? चणा दोन बोटांत दाबला की दबला पाहिजे, पण पीठ होता कामा नये. साल चण्यालाच राहिलं पाहिजे. माझ्या डब्यातल्या काबुली चण्यांचं नेमकं हेच हुकलं होतं.

शिजल्यावर पाणी फेकू नका. आत्याबाईंनी ते वेगळ्या भांड्यात काढलं, त्यावर दुसऱ्या दिवशी तर्री झाली आणि तर्री-पोह्यांवर सगळे पाहुणे तुटून पडले. नागपूरकडच्या लोकांना याहून जास्त काही सांगायला नको. बाकीच्यांनी कधीतरी नागपूरला सकाळी रस्त्यावर उभं राहून पोहे खावेत, त्यावर ओतलेला चण्याचा तो लालभडक रस्सा म्हणजे तर्री.

बारशाच्या घुगऱ्या दोन भागांत होतात, निदान आमच्याकडे तरी. पहिला भाग नुसता मिठाचा. तो बाळाच्या पाळण्याच्या चारी कोपऱ्यांत पुरचुंड्या करून ठेवायला आणि लहान मुलांना. दुसरा भाग फोडणीचा. फल्लीतेल तापवायचं, मोहरी, जिरं, हिंग, सुक्या लाल मिरच्या मोडून, हळद, त्यावर चणे, चवीला मीठ आणि एवढासा गूळ. खाली उतरवल्यावर खोबऱ्याचा कीस, सांभार, लिंबू. कांदा-लसूण नाही. तिखट घालायचं तर अगदी नावाला, कारण हे पोरांच्याही हातात जातं. सराट्याने जोरात ढवळायचं नाही, गंजच दोन्ही हातांनी धरून हलवायचा. चार किलोंचा गंज ती या वयात एकटी हलवत होती. मी धरायला गेले तर म्हणाली, "तू पदर सांभाळ."

जरा थांबून हरभऱ्याबद्दल एक गोष्ट सांगते, मग बारशाकडे जाते. आपण राहतो तिथून पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर टूवूम्बा, आणि त्याच्या पलीकडे डार्लिंग डाउन्सचा काळा मातीचा पट्टा. तिथे आपलाच तपकिरी देशी हरभरा पिकतो. मे-जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणी, म्हणजे सौंसरच्या बरोब्बर उलट. इथल्या एका वाणाचं नाव चक्क पीबीए हॅटट्रिक आहे, क्रिकेटवाल्यांनी नोंद घ्यावी. हा हरभरा मुख्यतः भारत, पाकिस्तान, बांगलादेशाकडे जातो. जगातला बहुतेक हरभरा भारतच पिकवतो आणि खातोही भारतच, इतका की कमी पडला की बाहेरून आणावा लागतो. २०१८मध्ये भारताने आयातीवर ६० टक्के शुल्क लावलं, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांचे चेहरे पडले होते. मे २०२४मध्ये ते काढलं, तेव्हा परत पेरा वाढला. त्या सप्टेंबरात आम्ही टूवूम्बाला फुलांचा उत्सव बघायला गेलो होतो. वाटेत रस्त्याच्या कडेला हरभऱ्याचं शेत दिसलं. मी गाडी थांबवली, कुंपणातून हात घातला, पानांवरून बोटं फिरवली आणि चाटली. आंबट! अगदी आमच्या शेतातल्यासारखी. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, तीच ही आंब. तिकडे पहाटे दवात धोतराचं फडकं हरभऱ्यावर पसरून, पिळून ती गोळा करायचे आणि पोटदुखीला द्यायचे. माझ्या मुलाने गाडीतून ओरडून विचारलं, "आई, तू शेत का चाटतेस?" (तुम्ही चाटू नका. फवारणी केलेली असते. मला त्या वेळी सुचलं नाही.)

तर बारसं. दुपारी चारला बायका जमल्या. पाळणा फुलांनी सजवला होता, वरवंट्याला टोपडं घालून तो पाळण्याखालून-वरून फिरवून झाला, पाळण्याची गाणी झाली. माझा भाऊ दारात उभा राहून फोटो काढत होता आणि सगळ्या फोटोंत स्वतःचं बोट आणत होता. भावजय पांढुर्ण्याची. कमी बोलते. नोकरी करते, आता रजेवर आहे. गेला सव्वा महिना तिच्या मुलीची अंघोळ, मालीश, शेक-शेगडी सगळं आत्याबाईंनी केलं होतं. तेल लावून पायांवर घेऊन त्या बाळाला रोज न्हाऊ घालणाऱ्या हातांना आज पाळण्याला शिवायचं नव्हतं. हे माझ्या डोक्यात चाललं होतं, पण रात्रीच्या त्या एका वाक्यानंतर माझी हिंमत संपली होती. मी गुपचूप पुढे झाले, वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. मोठी झाली की तिचं ती सांगेल. मग धपाटे. सौंसरच्या बायकांचे हात शेतातले आहेत, हे माझ्या पाठीला दोन दिवस आठवत होतं.

आणि बाळ रडायला लागलं. म्हणजे टाहोच फोडला. मी घेतलं, आईने घेतलं, पांढुर्ण्याच्या आजीने घेतलं, रडणं वाढतच गेलं. तेव्हा भावजय जागची न उठता, अगदी साध्या आवाजात, आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, या ना. ती तुमच्याशिवाय नाही राहात."

आत्याबाई आली. हात ओले, पदराला पुसत. गर्दीतून वाट काढताना ती कुणाकडेही बघत नव्हती. बाळाला तिने रोजच्यासारखं उजव्या खांद्यावर टाकलं, पाठीवर दोनदा थोपटलं, आणि रडणं थांबलं. इतकं पटकन थांबलं की एकदोघी हसल्या. मग ती बाळाला पाळण्यात ठेवायला वाकली, तेव्हा भावजय तितक्याच साध्या आवाजात म्हणाली, "आता वाकल्याच आहात तर तुम्ही पण सांगून टाका."

ओसरी गप्प. आत्याबाई वाकलेलीच राहिली. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या आईकडे. आई काही बोलली नाही, फक्त पाळण्याची दोरी सरळ करून तिच्या हातात दिली. मग आत्याबाई आणखी खाली वाकली, बाळाच्या कानाशी. आणि ती बोलत राहिली. एक नाव सांगायला जितका वेळ लागतो, त्याहून खूपच जास्त. आम्हाला नुसते ओठ हलताना दिसत होते.

ती सरळ झाली. आता धपाटे घालायचे. पण कुणाचाच हात उठेना. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मी पुढे होणार तोच कोपऱ्यातल्या खुर्चीतून समोरच्या घरच्या आजी उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, कपाळ मोकळं. नातवाच्या खांद्याला धरून त्या आल्या आणि आत्याबाईंच्या पाठीत त्यांनी असा दणका घातला की पाळण्यालाही झोका बसला. "उधार होता माह्याकडे," त्या म्हणाल्या. मग बाकीच्या सुटल्या. आत्याबाई "अवं पुरे, पुरे वं बायांनो" म्हणत होती. ती हसत होती की आणखी काही, ते बायकांच्या गराड्यात मला नीट दिसलं नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. नात्यातल्या एक बाई तोंड फिरवून बाहेर गेल्या आणि घुगऱ्या न घेताच घरी निघून गेल्या. मी म्हटलं, जाऊ दे. आत्याबाई म्हणाली, "जाऊ दे कसं? बारशाची घुगरी कोणाची राहाली नाई पाह्यजे." संध्याकाळी स्टीलच्या डब्यात फोडणीच्या घुगऱ्या भरून तिने माझ्या भावाला त्यांच्या घरी पाठवलं. डबा त्यांनी ठेवून घेतला, बोलल्या काहीच नाहीत. चौथ्या दिवशी डबा परत आला, घासून लख्ख केलेला. आत दोन संत्री. आत्याबाईंनी संत्री हुंगली, एक मला दिलं, एक स्वतः सोललं. त्यावर चर्चा झाली नाही.

परवा व्हिडिओवर बोललो. पोरगी आता पालथी पडते. त्या दिवशीपासून मनात होतं ते मी विचारून टाकलं, "आत्याबाई, तिच्या कानात इतका वेळ काय सांगत होतीस?"

"तिले सांगतलं ना. तुले काहून पायजे?"

मग मी सांगितलं की येत्या रविवारी मंडळाच्या जमण्याला मी घुगऱ्या नेणार आहे, साठ माणसांच्या, आणि दोन किलो पुरतील की तीन घेऊ.

"तीन घे," ती म्हणाली. "अन् रातीच भिजवजो. सकाळी आठवते तुले."